दृष्टिपटलातील शिरारोध आणि शस्त्रक्रिया : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
१८५१ मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी नेत्रदर्शक उपकरण सिद्ध केले आणि जिवंत डोळ्यातील रक्तवाहिन्या प्रथमच अभ्यासता येऊ लागल्या. १८७८ मध्ये युलियस फॉन मिशेल यांनी दृष्टिपटलाच्या मध्यवर्ती शिरेतील रक्ताच्या गुठळीचे वर्णन केले. निदान शक्य झाले. परंतु प्रभावी उपचार दीर्घकाळ उपलब्ध नव्हता.

शस्त्रक्रियेचे प्रयोग :
१९७० च्या दशकात रॉबर्ट माखेमर यांच्या तंत्रामुळे शल्यविशारदांची उपकरणे दृष्टिपटलापर्यंत पोहोचली. धमनी शिरेला जेथे ओलांडते तेथे दोहोंचे आवरण सामाईक असते. ते छेदून शिरेवरील दाब कमी करण्याचा प्रयत्न १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. २००१ मध्ये ऑप्रेमचाक यांनी ११ रुग्णांमध्ये दृष्टिचेतेच्या मुखाशी छेद दिल्याचा अनुभव मांडला. त्या अरुंद वलयात शीर चेपली जाते, हे त्यामागील गृहीतक होते. मूळचे भारतीय असलेले नेत्रतज्ज्ञ सोहनसिंग हेरे यांनी त्यास तीव्र विरोध केला. त्यांच्या मते अडथळा बहुधा वलयाच्या मागे असतो. सबब छेदाने शीर मोकळी होत नाही, मात्र चेतातंतू कायमचे तुटतात.

निष्कर्ष :
२०१० मध्ये अमेरिकेत रॅनिबिझुमॅब या इंजेक्शनला शिरारोधजन्य सुजेसाठी मान्यता मिळाली आणि हे छेद मागे पडले. हे औषध अडथळा दूर करीत नाही, केवळ सूज उतरविते. तथापि त्याची उपयुक्तता तुलनात्मक चाचण्यांत सिद्ध झाली होती. शरीररचनेवरून केलेला तर्क कितीही सुसंगत असला, तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, हेच या इतिहासावरून स्पष्ट होते.