उसन्या यंत्राचे देणे

क्ष-किरणांनी हृदय दाखविले, पण ती त्याची छाया होती; आत उघडझाप करणारी झडप तीत सहसा दिसत नसे. स्वीडनमधील लुंडच्या डॉ. इंगे एडलर यांना तर शस्त्रक्रियेपूर्वी झडपेचेच दुखणे ओळखावयाचे होते. पदार्थविज्ञानी हेल्मुट हर्ट्झ यांनी माल्मोच्या जहाजकारखान्यातून धातूतील दोष शोधणारे ध्वनियंत्र उसने आणले. छातीवर ठेवताच ठोक्याबरोबर हलणारा प्रतिध्वनी दिसला! २९ ऑक्टोबर १९५३ रोजी तशाच दुसऱ्या यंत्राने हृदयाची हालचाल पट्टीवर टिपली गेली. तोच आजचा ‘इको’. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्यांतील अडथळा तो थेट दाखवीत नाही, हे खरे. परंतु झडपा व स्नायू पाहण्यासाठी आता किरणांचे ऋण काढावे लागत नाही.