विस्कटलेल्या दिवसाची घडी
स्किझोफ्रेनियाचा पहिला झटका औषधांनी ओसरतो, भास आणि संशय मागे हटतात, आणि घरच्यांना वाटते की आता रुग्ण पूर्वीसारखा कामाला लागेल. तो लागत नाही. दुपारपर्यंत अंथरुणात असतो, आंघोळ टाळतो, बोलणे एक-दोन शब्दांवर येते. याला आळस म्हणणे हा अन्याय आहे. हा आजाराचाच भाग असतो आणि औषधे त्यावर फारशी चालत नाहीत. रोजच्या कामांतून उपचार करणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपीचे काम इथे सुरू होते. तिची कुळकथा बहुधा अठराव्या शतकाच्या अखेरीस रुग्णांना कामात गुंतवणारे पॅरिसचे पिनेल आणि यॉर्कचे ट्यूक यांच्यापासून सांगतात. मला तिचे खरे मूळ शतकभर अलीकडे दिसते. मनोरुग्णालयांत काम पुढेही होतेच. शेत, धोबीखाना, शिवणखोली रुग्णांच्याच श्रमांवर चालत. दिवसाच्या रचनेलाच उपचार मानणे, हे मात्र नवे होते.

ही दृष्टी मानसोपचारतज्ज्ञ ॲडॉल्फ मायर यांची. मानसोपचारतज्ज्ञ क्रेपेलिनच्या मते स्किझोफ्रेनिया म्हणजे बुद्धीची उतरती कळा. मायर यांना त्यात मोडत गेलेल्या सवयीही दिसल्या, आणि मोडलेली सवय पुन्हा लावता येते. बाल्टिमोरला त्यांच्या फिप्स क्लिनिकमध्ये काम केलेल्या एलिनॉर क्लार्क स्लॅगल यांनी यातून ‘हॅबिट ट्रेनिंग’ उभे केले आणि 1922 पासून न्यूयॉर्क राज्याच्या मनोरुग्णालयांत नेले. वर्षानुवर्षे कोपऱ्यात बसलेल्या रुग्णांचा छोटा गट घ्यायचा आणि उठण्यापासून झोपेपर्यंतचा दिवस आखायचा: तोंड धुणे, केस विंचरणे, अंथरूण आवरणे, फिरणे, हातकाम, खेळ, विश्रांती. मुंबईत या विद्येचे शिक्षण 1950 मध्ये सुरू झाले. अमेरिकेत एलिझाबेथ लंडी म्हणून जन्मलेल्या कमलाबाई निंबकर यांनी केईएम रुग्णालयात आशियातील पहिली ऑक्युपेशनल थेरपीची शाळा काढली.

यावर रास्त आक्षेप असा की उपचाराच्या नावाखाली रुग्णांना फुकट राबवले गेले. ते खरेच घडले. म्हणून काम कोणाच्या गरजेचे, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारायला हवा. साधा चहा घ्या. पाणी मोजायचे, गॅस पेटवायचा, साखर-पत्ती क्रमाने घालायची, उतू जाण्याआधी गॅस बारीक करायचा. आजारात लक्ष, स्मरण आणि क्रम लावण्याची शक्ती दुबळी होते. माणूस नेमका कुठे अडला हे थेरपिस्ट पाहते आणि तेवढ्याच पायरीला हात देते. इथे चहा त्याचा असतो, संस्थेचा नव्हे.

दुसरा आक्षेप: जुनाट रुग्णांसाठी घडलेले तंत्र नुकत्याच सावरणाऱ्याला कशाला? त्याला विश्रांती द्यावी. विश्रांती हवीच, मायर यांच्या हिशेबात काम आणि खेळाइतकीच विश्रांती आणि झोप होती. पण संशोधक विंग आणि ब्राउन यांनी 1960 च्या दशकात इंग्लंडमधील 3 मनोरुग्णालयांत दीर्घकाळ राहिलेल्या स्त्रियांचा अभ्यास केला. सुधारणेशी सर्वांत ठळक संबंध आढळला तो काहीच न करता जाणारा वेळ कमी होण्याचा. एवढ्यावरून कार्यकारण सिद्ध होत नाही, आणि रुग्णालयातला रिकामेपणा म्हणजे घरातला नव्हे, हेही मान्य. तरी रिकामेपण स्वतःच माणसाला आत ओढत असण्याची शक्यता इतकी गंभीर आहे की ते साचेपर्यंत थांबणे मला पटत नाही.

खरी दुरुस्ती या परंपरेला वेगळ्याच बाजूने मिळाली. आधी कार्यशाळेत वर्षानुवर्षे तयारी, मग नोकरी, हा क्रम 1990 च्या दशकात अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायरमध्ये संशोधक ड्रेक आणि बेकर यांनी उलटवला: इच्छा असेल त्याला आधी खरी, पगाराची नोकरी मिळवून द्या आणि तिथेच सोबत राहा. तुलनात्मक चाचण्यांत या पद्धतीने जुन्या क्रमापेक्षा कितीतरी अधिक जणांना नोकऱ्या मिळाल्या. सवय जिथे वापरायची तिथेच लागते, असा याचा अर्थ मी घेते. मेणबत्त्या आणि कागदी पिशव्यांवर वर्षे घालवणाऱ्या आपल्याकडच्या पुनर्वसन केंद्रांनी तिथल्या रुग्णांपैकी कितींना पगाराचे काम हवे आहे, हे आधी त्यांनाच विचारावे.