अंगोला नांवाचें शेत

राजांचीं नांवें बखरींत राहतात. गरिबाचें नांव राहिलेंच, तर तें कचेरीच्या दप्तरांत. अमेरिकेंत व्हर्जिनियाच्या पूर्व किनाऱ्यावर नॉर्दॅम्प्टन ही काउंटी, म्हणजे जिल्हा, आहे. तेथील न्यायदप्तर १६३२ पासून अखंड जतन झालेलें आहे. आणि त्यांत एका कुटुंबाची कथा तुकड्यातुकड्यांनीं नोंदलेली आढळते.

१६२१ सालीं व्हर्जिनियांत आणलेला एक आफ्रिकी मनुष्य १६२५ च्या गणतींत केवळ ‘अंतोनियो, नीग्रो’ आहे. पुढें तो दास्यांतून सुटला आणि ‘अँथनी जॉन्सन’ या नांवानें १६५१ मध्यें २५० एकरांचा धनी झाला. १६५३ मध्यें आगीनें त्याची हानि झाली, तेव्हां न्यायालयानें त्याच्या पत्नीस व दोन मुलींस जन्मभर करमाफी दिली. १६५५ मध्यें याच न्यायालयानें जॉन कॅसर या आफ्रिकी चाकराचा मुदत संपल्याचा दावा फेटाळून त्यास जॉन्सनच्याच स्वाधीन केलें. स्वतः सुटलेला दुसऱ्यास बांधतो, हेंही दप्तर लपवीत नाहीं.

पुढें काळ पालटला. जॉन्सन मेरीलंडांत जाऊन निवर्तल्यावर, १६७० मध्यें व्हर्जिनियाच्या पंचांनीं ठरविलें कीं, तो नीग्रो, म्हणून परका. सबब त्याची जमीन सरकारजमा व्हावी. सात वर्षांनीं त्याच्या नातवानें मेरीलंडांत ४४ एकर जमीन घेतली व तीस ‘अंगोला’ हें आफ्रिकेंतील देशाचें नांव दिलें. ज्या घराण्यास पंचांनीं परकें म्हटलें, त्यानें आपल्या मुळाची खूण अशी दप्तरींच नोंदवून ठेविली.