हडफड्याचा नगरसेवक आणि दोडामार्गचा कामगार

२३ सप्टेंबर १८९६. मुंबई महापालिकेच्या स्थायी समितीत एका डॉक्टर सभासदाने उठून सांगितलं की मांडवी भागात आपण तपासलेल्या रुग्णांना ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग झालेला आहे. या सभासदाचं नाव डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस. जन्म गोव्यातल्या बार्देस तालुक्यातल्या हडफडे गावचा. तेव्हाचा गोवा पोर्तुगिजांचा, मुंबई इंग्रजांची. तरीही हा परमुलखातून आलेला माणूस मुंबईत शिकला, दवाखाना टाकला आणि निवडून महापालिकेत गेला. पुढे १९०६ साली तो महापालिकेचा अध्यक्षही झाला. धोबीतलावला मेट्रो सिनेमाजवळ त्याचा पुतळा आजही आहे.

साथ आली की लोकप्रतिनिधीने दोन गोष्टी करायच्या असतात. एक, काय चाललंय ते खरं सांगायचं. दोन, आता सरकार आधी कोणासाठी काय करणार, ते सांगायचं. व्हिएगस यांनी पहिलं काम केलं, आणि तेही बंदर आणि व्यापार यांवर जगणाऱ्या शहरात. प्लेगचं नाव घेतलं की मुंबईहून निघालेली जहाजं जगभर अडवली जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

दुसरं काम मात्र झालं नाही. त्या वेळची महापालिका ७२ सभासदांची होती. त्यातले निम्मे, म्हणजे ३६, कर भरणारे नागरिक निवडून देत. बाकीचे सरकार, न्यायाधिकाराचा मान असलेले प्रतिष्ठित लोक, विद्यापीठ आणि व्यापाऱ्यांची संस्था यांच्याकडून येत. गिरणीत राबणारा, चाळीत दहा जणांत एका खोलीत राहणारा रत्नागिरीचा किंवा सावंतवाडीचा माणूस कोणाचाच मतदार नव्हता. त्यामुळे त्याला काही सांगायची, विचारायची गरजही कोणाला वाटली नाही.

त्याच्या वाट्याला थेट हुकूम आले. ६ ऑक्टोबर १८९६ ला आयुक्त स्नो यांनी जाहीर केलं की प्लेगचा रुग्ण सक्तीने इस्पितळात नेला जाईल, वेगळा ठेवला जाईल. त्याच्या मागे राहिलेल्या घरात चूल कशी पेटायची, यावर त्यात काही नव्हतं. २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोड इस्पितळावर चालून गेले. मग लोकांनी आपला मार्ग धरला. १८९७ च्या सुरुवातीपर्यंत मुंबईतली जवळजवळ निम्मी वस्ती शहर सोडून गेली होती. बोटीने, आगगाडीने, पायी. कोकणाने आपली माणसं परत घेतली.

याच दिवसांत ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा मंजूर झाला. जेमतेम चार कलमांचा. त्यात सरकारला तपासायचा, अडवायचा, वेगळं ठेवायचा अधिकार आहे, न ऐकणाऱ्याला शिक्षा आहे आणि हुकूम बजावणाऱ्याला संरक्षण आहे. ज्याला अडवलं त्याला काय मिळेल, हे सांगणारं कलम नाही. ते काम ज्यांनी अंगावर घेतलं त्यांच्याकडे अधिकार नव्हता. गिरणी कामगारांची संघटना उभी करणारे नारायण मेघाजी लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ ला प्लेगनेच गेले. रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्चला गेल्या.

हाच कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला. तेव्हा तो १२३ वर्षांचा होता.

मात्र १२३ वर्षांत एक गोष्ट नक्की बदलली होती. १३ एप्रिल २०२१, गुढीपाडव्याची रात्र. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे राज्याशी थेट बोलले. दुसऱ्या दिवशी रात्री आठपासून कडक निर्बंध लागणार होते, आणि ते सांगताना त्यांनी ५,४७६ कोटी रुपयांच्या मदतीची यादीही वाचून दाखवली. त्यातले ३,३०० कोटी रुपये कोविडच्या आरोग्य सुविधांसाठी जिल्ह्यांना. अन्नसुरक्षा योजनेतल्या सुमारे ७ कोटी लोकांना महिनाभर ३ किलो गहू आणि २ किलो तांदूळ मोफत. शिवभोजन थाळी मोफत. संजय गांधी निराधार आणि तशा योजनांतल्या ३५ लाख लोकांना प्रत्येकी १,००० रुपये आगाऊ. नोंदणीकृत बांधकाम कामगारांना १,५००. अधिकृत फेरीवाल्यांना १,५००. परवानाधारक रिक्षाचालकांना १,५००. आदिवासी कुटुंबांना खावटीचे २,०००.

दीड हजारात महिना निघत नाही, हे कोणीही सांगेल. तरीही १८९६ च्या हुकुमाशेजारी ही यादी ठेवून बघा. घरात बसा म्हणणाऱ्यानेच घरात खायला काय देणार तेही सांगितलं, आणि कोणाला आधी ते उघडपणे सांगितलं. हा फरक मतदानाच्या हक्काने घडवला. गिरणी कामगाराचा पणतू आता मतदार आहे. त्याला उत्तर द्यावं लागतं.

आता त्या यादीतली विशेषणं पुन्हा वाचा. नोंदणीकृत. अधिकृत. परवानाधारक. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून माझं लक्ष तिथे अडकलं. फॉर्ममध्ये ज्या गोष्टीसाठी रकाना नसतो ती गोष्ट सिस्टिमपुरती अस्तित्वातच नसते. तिच्याबद्दल कोणाच्या मनात वाईट हेतू असावा लागत नाही. रकाना नसणं पुरेसं असतं. या यादीत कोणाचा रकाना नव्हता, ते बघायला सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकाला जावं लागतं.

दोडामार्ग तालुका १९९९ साली सावंतवाडीतून वेगळा झाला. एका बाजूला सह्याद्री, दुसऱ्या बाजूला गोवा. जिल्ह्याचं मुख्यालय ओरोस लांब, आणि म्हापसा, डिचोली जवळ. साटेली-भेडशीचा, मणेरीचा, कोलझरचा, झोळंब्याचा तरुण सकाळी दुचाकी काढतो आणि गोव्यात कामाला जातो. कोणी औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात, कोणी दुकानात, कोणी हॉटेलात. संध्याकाळी घरी. काजू-सुपारीची बागायत आहे, पण महिन्याचा पगार बहुतेक घरांत सीमेपलीकडून येतो. तिळारीचं धरणही दोन राज्यांनी मिळून बांधलेलं आहे. इथलं पाणी रोज गोव्यात जातं, तशी माणसंही जातात.

ही सीमा याआधीही बंद झाली होती. १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवी आणि इतर ठिकाणी सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. त्यानंतर भारताने गोव्याची नाकेबंदी केली, ती १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त होईपर्यंत. दोन्ही बाजूंना सोयरीक असलेल्या गावांनी ती सहा वर्षं काढली. पण तेव्हा पलीकडे परकी सत्ता होती. मुक्तीनंतर ही सीमा फक्त नकाशावर उरली, असं सगळ्यांनी धरून चाललं.

ती फक्त नकाशावर नाही, याची पहिली खूण जानेवारी २०१८ मध्ये मिळाली. बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय हे दोडामार्गकरांचं मोठं इस्पितळ. गोवा सरकारने तिथे गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं. दोडामार्गात त्यावरून मोठं आंदोलन झालं. गोव्याच्या बाजूचा मुद्दाही समजण्यासारखा होता. इस्पितळ गोव्याच्या कराच्या पैशावर चालतं आणि खाटा मोजक्या आहेत. ज्याने उत्तर द्यायचं तो आपल्या मतदारांनाच उत्तर देतो.

मग मार्च २०२० आला. केंद्राच्या आदेशाने राज्यांच्या सीमा बंद झाल्या. गोव्याने त्या १ सप्टेंबर २०२० ला पूर्ण खुल्या केल्या. मधल्या पाच महिन्यांत पास, चाचणी आणि विलगीकरणाचे नियम बदलत राहिले. चाकरमान्यांचा प्रश्न तरी राज्याच्या चर्चेत होता. गणपतीला येणाऱ्यांनी १२ ऑगस्टपर्यंत यावं, दहा दिवस वेगळं राहावं, एसटीने आलं तर ई-पास नको, अशी नियमावली निघाली. मुंबईतला चाकरमानी मुंबईतही महाराष्ट्राचाच मतदार असतो. रोज सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणाऱ्यासाठी मात्र 'दहा दिवस वेगळं राहा' या वाक्याला काही अर्थच नव्हता.

२०२१ च्या मे महिन्यात पुन्हा तेच. गोव्यात रोज माणसं मरत होती, बांबोळीला रात्री ऑक्सिजन कमी पडत होता. अशा वेळी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १० मेपासून गोव्यात येणाऱ्याकडे ७२ तासांच्या आतला निगेटिव्ह अहवाल असावा असा आदेश दिला. पर्यटकासाठी हा नियम बरोबर होता. रोज जाणाऱ्याला मात्र त्याचा अर्थ असा, की आठवड्यातून किमान दोनदा चाचणी. पुढे दोन डोस घेतलेल्यांना सवलत आली. पण १८ ते ४४ वयोगटाची लस १ मेपासूनच सुरू झाली होती, आणि कोविशिल्डच्या दोन डोसमधलं अंतर त्याच महिन्यात १२ ते १६ आठवडे झालं. म्हणजे पहिल्याच दिवशी लस मिळालेल्या पंचविशीतल्या कामगाराचाही दुसरा डोस जुलैअखेर. ज्या वयाची माणसं कामाला जातात, नेमकं तेच वय अडकलं.

या माणसाला यादीत शोधून बघू. महाराष्ट्राच्या यादीत तो बांधकाम कामगार, फेरीवाला किंवा रिक्षावाला नाही. त्याची कामाची नोंद असलीच तर ती गोव्यात. गोव्याच्या लेखी तो बाहेरचा. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा तेव्हा लागू होता, पण तो ठेकेदाराने दुसऱ्या राज्यात नेलेल्या मजुरांसाठी होता, स्वतःच्या दुचाकीवर जाणाऱ्याला तो लागू होत नव्हता. शिधापत्रिका असेल तर धान्य मिळालं. गंमत म्हणजे 'एक देश, एक रेशन कार्ड' योजनेत गोवा आणि महाराष्ट्र दोन्ही राज्यं जानेवारी २०२० पासून होती. रेशनच्या तांदळाला सीमा उरली नव्हती. तो खाणाऱ्याला होती.

हे असंच असावं लागतं असं नाही. युरोपीय संघाच्या कायद्यात, एका देशात राहून दुसऱ्या देशात काम करणाऱ्या आणि निदान आठवड्यातून एकदा घरी परतणाऱ्या माणसासाठी वेगळी संज्ञा आहे. मार्च २०२० मध्ये तिथल्या देशांनीही धडाधड सीमा बंद केल्या. पण ३० मार्चला युरोपीय आयोगाने मार्गदर्शक सूचना काढल्या, की अत्यावश्यक कामावर जाणाऱ्या अशा कामगारांना सोडा. लक्झेंबर्गमध्ये शेजारच्या देशांतून रोज सुमारे दोन लाख लोक कामाला येतात. ते थांबले असते तर तिथली इस्पितळंही थांबली असती. संज्ञा आधीपासून होती, म्हणून संकटात नियम पटकन लिहिता आला. आपल्याकडे दोन सार्वभौम देशांमधली नव्हे, तर एकाच देशातल्या दोन राज्यांमधली रेषा आहे, आणि तरीही त्या माणसाला आपल्या कायद्यात नाव नाही.

दोडामार्गचा मतदार सावंतवाडी मतदारसंघातून महाराष्ट्राच्या विधानसभेत आमदार पाठवतो. त्या आमदाराच्या हातात म्हापशाचा नाका नाही. ज्यांच्या हातात नाका आहे, त्यांना दोडामार्गाचं मत नको. १८९६ च्या गिरणी कामगाराचं दुखणं एकच होतं, त्याला मत नव्हतं. दोडामार्गच्या कामगाराला मत आहे, फक्त ते चुकीच्या बाजूला आहे.

म्हणून पुढच्या साथीची तयारी म्हणताना खाटा आणि ऑक्सिजनच्या जोडीला एक साधं काम आहे, आणि त्याला फार पैसे लागत नाहीत. सिंधुदुर्ग आणि उत्तर गोवा या दोन जिल्ह्यांच्या प्रशासनांनी रोज ये-जा करणाऱ्यांची एक सामाईक नोंद आजच करून ठेवायची. नाव, गाव, कामाचं ठिकाण. नाका बंद करायची वेळ आली तर कोणाला कोणत्या अटीवर सोडायचं आणि ज्याला अडवलं त्याची मदत कोणत्या राज्याने द्यायची, हे आधीच ठरवायचं. हडफड्याचा माणूस मुंबईच्या सभागृहात बसू शकला, कारण तिथल्या नियमांनी त्याचा गाव विचारला नाही, त्याचा कर विचारला. बार्देसमध्येच घाम गाळणाऱ्या दोडामार्गकराला सभागृहात खुर्ची नकोय. त्याला यादीत एक रकाना हवा आहे.