नगरच्या लिलावातलं दोन पायांचं टेबल

डोक्याला काहीतरी गुंडाळून घ्या, ऊन फार आहे. साल 1910च्या आसपासचं, वैशाख लागलेला, आणि तुम्ही नगर स्टेशनावर उतरलाय. आजचं अहिल्यानगर. पण इथे 'नगर' एवढंच म्हणा, सगळ्यांना कळतं. दौंड-मनमाड लाइन 1878 पासून चालू आहे, त्यामुळे आगगाडीचं आता कुणाला अप्रूप नाही. अप्रूप आहे ते तुमच्या कपड्यांचं. टांगेवाला तुम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळतो आणि विचारतो, "कँपात ना, साहेब? लिलावाला?"

हो म्हणा. तिथंच जायचंय.

टांगा भिंगारच्या दिशेनं निघतो. पांढरी धूळ दातांखाली करकरते. किल्ल्याच्या खंदकाजवळून जाताना गार वारा येईल असं वाटतं, येते ती झळच. पुढे तोफखान्याच्या घोड्यांच्या लिदीचा आणि तेल दिलेल्या चामड्याचा वास सुरू झाला की समजा, कँप आला.

बंगल्याच्या व्हरांड्यात ही गर्दी! साहेबाची बदली झाली आहे. पलटण हलली की घरातलं जडशीळ सामान विकून मोकळं व्हायचं, ही छावणीची रीतच. दगडी फळीचं टेबल पुढच्या गावी कोण वाहून नेणार? डगला घातलेले पारशी दुकानदार आहेत, बोहरी व्यापारी आहेत, गावातून आलेले दोन वकील आहेत, आणि स्वयंपाकघरातल्या पातेल्यांवर डोळा ठेवून असलेला शेजारच्या बंगल्याचा खानसामा आहे. तुम्ही दाराजवळ सरका. तिथं वाळ्याची ताटी टांगली आहे आणि पखालजी तिच्यावर पाणी मारतोय. त्या ओल्या वासाचा एक श्वास घ्या. वीज नाही, पंखा ओढणारा पोरगा अंगणात पेंगतोय. दुपार निभावते ती या ताटीवर.

घडीच्या खुर्च्या गेल्या. पत्र्याचा न्हाणीचा टब गेला. जाळीचं कपाट गेलं, आणि त्याच्या चार पायांखालच्या पाण्याच्या वाट्याही बरोबर गेल्या, कारण त्या वाट्यांशिवाय मुंग्यांपुढे कुणाचं चालत नाही. मग चार हमाल आतल्या गार खोलीतून एक चमत्कारिक वस्तू बाहेर आणतात आणि भिंतीला टेकवून ठेवतात. गर्दीतून कुणीतरी ओरडतं, "अहो, याचे मागचे पाय कुठायत?"

मागचे पाय नाहीतच. हे कन्सोल टेबल. पुढे दोन पाय, मागची बाजू भिंतीच्या आधारावर. फ्रान्समधल्या सरदारांच्या महालांत ही तऱ्हा रुजली, तिथून विलायतेत गेली आणि साहेबांच्या मागोमाग इथे आली. घडवलं मात्र आपल्याच माणसांनी. मुंबईच्या शिसवी कोरीवकामाची तेव्हा मोठी ख्याती होती. खाली बसा आणि जवळून बघा: काळसर लाकूड, त्यात किरमिजी रेघा, पायावर चढत गेलेली द्राक्षवेल. एका पानाची शीर दुसऱ्या पानापेक्षा खोल गेली आहे. तिथं पटाशीला जरा जास्त जोर लागला असणार. वरच्या संगमरवरावर तळवा ठेवा. बाहेर अंग भाजतंय आणि हा दगड अजून गार. आता मागे हात घाला. मागची फळी ओबडधोबड, न रंधलेली, करवतीचे ओरखडे बोटांना टोचतात. भिंतीकडच्या बाजूला कोण बघणार, म्हणून कारागिरानं तिथं मेहनत घातलेली नाही. हा खरखरीतपणा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

बोली आठ-आठ आण्यांनी चढते. पारशी दुकानदार मान हलवून बाजूला होतो आणि टेबल गावातल्या एका वकिलांना मिळतं.

आता हातगाडीमागून चालत सुटा. दगड वेगळा काढून गोणपाटात गुंडाळलाय, कारण तो तडकला तर सगळंच गेलं. झेंडीगेटातून आत शिरलात की नगर कानावर आदळतं: मागांचा खटका-खटका, तांबटांची ठोकाठोक, "मालक, बाजू द्या!" म्हणून हमालांची आरोळी. कापडबाजारात नव्या लुगड्यांच्या खळीचा वास येतो, पुढच्या वळणावर तळणीतल्या भज्यांचा. लोक गाडी थांबवून विचारतात, हे काय? आणि हमाल दर वेळी नवं उत्तर देतो. एकाला देव्हारा सांगतो, दुसऱ्याला साहेबाचा पाट.

वकिलांच्या वाड्याच्या दिंडी दरवाजातून वाकून आत या. चौक, ओसरी, वर दिवाणखाना. बैठकीवर पांढरीशुभ्र चादर, लोड, तक्के. नीट बघा, या खोलीत टेबलाला जागाच ठेवलेली नाही. माणसं जमिनीवर बसतात. दिवा कोनाड्यात, पगडी खुंटीवर. टेबलानं जे करायचं ते या घरात भिंतच करते, आणि कितीतरी पिढ्या करत आली आहे. म्हणून माजघरातून आलेल्या आजी पदर सावरत म्हणतात, "दोन पायांवर उभं राहतं व्हय हे? उद्या पोरं लोंबकळतील त्याला."

त्यांचं बरोबर आहे. म्हणून सुतार बोलावलाय. अमेरिकन मिशनच्या इथल्या सर डी. एम. पेटिट औद्योगिक कलाशाळेत सुतारकाम शिकवतात. हा तिथंच शिकलाय. आधी ओळंबा सोडून बघतो, भिंत सरळ नाही. मातीची भिंत कधी सरळ असते? तो गिलाव्यात भोकं पाडून सागवानी गुल्ल्या ठोकतो आणि त्यात स्क्रू पिळतो. एका पायाचा सांधा हललाय. नगरच्या कोरड्या हवेत लाकूड आकसतं आणि जुना सरस सुटतो. सुतार कुसू बाहेर काढतो, गरम सरस लावतो, आणि खोलीभर असा वास सुटतो की आजी नाक धरून आत जातात. मग चपडा विरघळवलेलं स्पिरिट, कापसाची पुरचुंडी, तिच्यावर तेलाचा थेंब, आणि गोल, गोल, गोल हात. तुम्हीही करून बघा. थांबलात की डाग पडतो. दहा मिनिटांत खांदा भरून येतो आणि लाकडाचा रंग मात्र आतून वर यायला लागतो.

दिवेलागणीला खरी गंमत कळते. टेबलावर रॉकेलचा दिवा, मागे भिंतीवर आरसा. एका दिव्याचे दोन झाले! कन्सोल आरशाखाली मांडत ते नुसत्या शोभेसाठी नव्हे. अंधाऱ्या खोलीत उजेड वाढवायची ती युक्ती होती. पोरं आरशासमोर तोंडं वाकडी करतायत. आजी परत येतात, बघत उभ्या राहतात, आणि रविवर्मा छापखान्याची लक्ष्मीची तसबीर आणून दिव्याशेजारी टेकवतात. तबक येतं, पानाचा डबा येतो. रात्र व्हायच्या आत साहेबाचं टेबल या घराचं झालंय.

चला, आता परत फिरू. अशी टेबलं आजही मुंबईच्या चोरबाजारात दिसतात, एखाद्या वाड्याच्या माळ्यावर अडगळीत सापडतात. विकत घेणार असाल तर आधी मागे हात घाला. मागची बाजू पुढच्याइतकीच गुळगुळीत, सगळीकडे एकसारखा रंग, सगळे स्क्रू एकाच साच्यातले असले, तर ते बहुधा अलीकडचं आहे. त्याची किंमत तशीच करा. आणि घरात खरं जुनं असेल, तर ते यंत्रावर घासून नवंकोरं करून घेऊ नका. घासणीत आधी जातात ती पटाशीची खूण आणि चपड्याचा थर, आणि ती दोन्ही परत आणता येत नाहीत. चांगला सुतार गाठा, सैल सांधे सरसानं बसवून घ्या, वाळवी लागली आहे का तेवढं बघा, आणि टेबल भिंतीला टेकवून रोज वापरा.