गतिरोधक अस्तरे

मोटारगाडी किंवा मालमोटार यांच्या गतिरोधकात (ब्रेकमध्ये) फिरत्या भागावर दाबला जाणारा, घर्षणाने स्वतः झिजणारा व झिजल्यावर बदलावा लागणारा घर्षणद्रव्याचा थर. ड्रम गतिरोधकात तो वक्राकार शूवर रिव्हेटांनी किंवा चिकटवून बसवितात; गॅरेजमध्ये त्याला सर्रास ‘लायनर’ म्हणतात. तबकडी (डिस्क) गतिरोधकात पोलादी पाठीवर घट्ट बसविलेल्या अशाच थराला पॅड म्हणतात. बिडाचा ड्रम वा तबकडी महाग असल्याने झीज स्वस्त अस्तराच्या वाट्याला यावी, अशी ही योजना आहे. साहजिकच अस्तर बदलताना कोणते द्रव्य निवडावे, हा प्रश्न मोटारीइतकाच जुना आहे.

बेर्टा बेंझ या १८८८ मध्ये मानहाइमहून फोर्त्सहाइमपर्यंत मोटारीने गेल्या. वाटेत लाकडी ठोकळे झिजून गाडी उतारावर आवरेना, तेव्हा त्यांनी एका चांभाराकडून ठोकळ्यांवर चामडे ठोकून घेतले. मोटारीचे अस्तर बदलल्याचा हा बहुधा पहिलाच ज्ञात प्रसंग होय. इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यातील गाडीवानही तीव्र उतारांवर ब्रेकच्या ठोकळ्याला जुने बूट अडकवीत असत. ही युक्ती पाहून हर्बर्ट फ्रूड यांनी १८९७ च्या सुमारास चॅपल-एन-ल-फ्रिथजवळ प्रयोग सुरू केले. डांबरासारख्या द्रव्यात भिजविलेल्या केसांच्या वा सुती विणीच्या पट्ट्या त्यांनी बनविल्या. त्यांच्या आडनावातील अक्षरांची उलटापालट करून व त्यात पत्नी एलिझाबेथ यांच्या नावाचे आद्याक्षर घालून ‘फेरोडो’ हे व्यापारी नाव सिद्ध झाले. हेच नाव पुढे मुंबईतील घाटकोपरच्या हिंदुस्थान फेरोडो कंपनीमुळे भारतातही परिचित झाले.

सुती अस्तराची खरी मर्यादा उष्णता ही होती. गतिरोधक वेग नाहीसा करीत नाही, तर गाडीची ऊर्जा उष्णतेत बदलतो. दहा टन वजनाचा ट्रक खंडाळ्याच्या घाटासारख्या उतरणीवर ५०० मी. खाली आला, तर सुमारे ४९० लाख जूल ऊर्जा बाहेर पडते. एवढ्या ऊर्जेत १४५ लिटर पाणी २०° से. पासून उकळीला येईल. एंजिनाच्या रोधाने यातील बराच भाग शोषला जातो. म्हणूनच घाट खालच्या गिअरमध्ये उतरावा असे सांगितले जाते. चालकाने सतत ब्रेकवर पाय ठेवल्यास मात्र जवळजवळ सर्व उष्णता अस्तरांवर येते. मग त्यांतील बंधक द्रव्यातून वायू सुटतात, घर्षण गुणांक घटतो आणि पेडल दाबूनही गाडी आवरत नाही. कापूस तर सुमारे १५०° से. लाच करपू लागतो.

यावर फ्रूड यांनी १९०८ मध्ये ॲस्बेस्टसचा उपाय शोधला. हे तंतुमय खनिज विणता येते, जळत नाही, ड्रमला फारसे ओरखडत नाही आणि स्वस्तही पडते. पुढे फेनॉलिक रेझिनात तंतू मिसळून साच्यात दाबलेली अस्तरे आली. केवळ थांबविण्याच्या कामाचा विचार केला, तर ही निवड उत्तमच होती.

दोष दिसला तो अस्तर तयार करणाऱ्यांच्या व बदलणाऱ्यांच्या फुप्फुसांत. रॉचडेल येथील ॲस्बेस्टसच्या गिरणीत सूत काढणाऱ्या तेहतीस वर्षांच्या एका स्त्रीच्या मृत्यूवरील डॉ. विल्यम कुक यांचा लेख १९२४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. मेरेवेदर व प्राइस यांच्या १९३० च्या अहवालानंतर ब्रिटनने १९३१ मध्ये धुळीविरुद्ध नियम केले. परंतु ते मुख्यतः उत्पादनाच्या कारखान्यांपुरते होते. रस्त्याकडेच्या दुकानात ड्रम उघडून आतील भुकटी दाबाच्या हवेने उडविणारा, नवे लायनर कानशीने घासून शूवर बसविणारा मेकॅनिक त्यांच्या कक्षेबाहेरच राहिला. वापराच्या उष्णतेत बहुतेक तंतूंचे दुसऱ्या, कमी घातक खनिजात रूपांतर होते, हे खरे. पण नवे अस्तर घासताना उडणाऱ्या धुळीत तंतू मूळ स्वरूपातच असतात. धोका कळल्यानंतरही अर्धशतकाहून अधिक काळ हे द्रव्य वापरात राहिले, याचे कारण त्याला तोडीचा पर्याय नव्हता एवढेच नाही. गाडीच्या मालकाला त्याची किंमत मोजावी लागत नव्हती, हेही आहे. ब्रिटनने १९९९ मध्ये पांढऱ्या ॲस्बेस्टसवरही बंदी घातली. अमेरिकेतील १९८९ चा बंदीचा नियम १९९१ मध्ये न्यायालयात बव्हंशी रद्द झाला व तेथे पुन्हा बंदी येण्यास २०२४ साल उजाडले. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये आरोग्य हा कामगाराचा मूलभूत हक्क ठरवून ॲस्बेस्टस उद्योगात कामगारांच्या आरोग्य-नोंदी दीर्घकाळ जपण्याचा आदेश दिला.

दरम्यान गतिरोधकही बदलला होता. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्येच तबकडी गतिरोधकाचे एकस्व घेतले होते, पण तांब्याची अस्तरे कर्कश किंचाळत. १९५३ मध्ये ल मां येथील शर्यत तबकडी गतिरोधकाच्या जॅग्वार गाडीने जिंकली आणि या प्रकाराचा प्रसार झाला. तबकडी उघडी असल्याने लवकर निवते. मात्र पॅडचे क्षेत्रफळ लहान असल्याने ते जास्त तापतात. त्यांसाठी पोलादी तंतू व धातूची भुकटी असलेली अर्धधातवीय द्रव्ये, तसेच ॲरॅमिड तंतूंची व सिरॅमिक मिश्रणे पुढे आली. अर्धधातवीय पॅड उष्णता चांगली सोसतो, पण थंडपणी कमी पकडतो आणि तबकडी झिजवितो. सिरॅमिक पॅडचा आवाज व धूळ कमी असते. अवजड ट्रकमध्ये जाड अस्तरांचे ड्रम दीर्घकाळ टिकून राहिले.

एवढे प्रकार झाल्यावर नुसत्या नावावरून निवड करणे अशक्य झाले. अमेरिकेत अस्तराच्या कडेवर दोन अक्षरे छापण्याचा प्रघात पडला; पहिले अक्षर साधारण तापमानातील व दुसरे तापलेल्या स्थितीतील घर्षण गुणांक दर्शविते. ‘ई’ म्हणजे ०·२५ ते ०·३५ आणि ‘एफ’ म्हणजे ०·३५ ते ०·४५. यावरून टिकाऊपणा मात्र कळत नाही. त्यामुळे संयुक्त राष्ट्रांच्या यूरोपीय आर्थिक आयोगाचा १९९२ पासूनचा ९० क्रमांकाचा विनियम अधिक महत्त्वाचा मानावा लागतो. बदली अस्तराची कामगिरी मूळ अस्तराच्या १५ टक्क्यांच्या आत असली पाहिजे, असे तो सांगतो. जास्त पकडणारे अस्तरही धोक्याचे ठरू शकते. मागील चाके आधी अडकली तर गाडी गिरकी घेते. एकाच आसाच्या दोन्ही चाकांची अस्तरे एकदम व एकाच प्रकारची बदलतात, तेही चाकांवरील रोध समान राहावा म्हणून.

ॲस्बेस्टसच्या जागी आलेल्या अनेक मिश्रणांत तांबे होते. पॅडची भुकटी पावसाबरोबर ओढ्यांत जाऊन सामन माशांना अपाय करते, असे आढळल्यावर वॉशिंग्टन व कॅलिफोर्निया या राज्यांनी २०१० मध्ये कायदे केले. कॅलिफोर्नियात २०२१ पासून तांब्याचे प्रमाण ५ टक्क्यांवर व २०२५ पासून ०·५ टक्क्यावर आणले गेले. यूरोपीय संघाच्या २०२४ च्या यूरो ७ विनियमात गतिरोधकातून उडणाऱ्या सूक्ष्म कणांवर प्रथमच मर्यादा घातली गेली. विजेवरील मोटारींत वेग कमी करताना मोटारच जनित्राचे काम करते. त्यामुळे अस्तरे कमी झिजतात, परंतु वापराअभावी त्यांच्यासमोरील तबकडीवर गंज चढण्याची नवीच अडचण उभी राहते.