मुष्टियुद्ध : मारामारी की मल्लविद्या?

आपल्या मंडळाच्या एका गणेशोत्सवात, आरती आटोपून मंडळी पानावर बसली असता, शेजारच्या पंगतीतील एका घरगुती वादाचा अनाहूत साक्षीदार होण्याचा योग मला आला. नववीत शिकणाऱ्या नातीने बॉक्सिंगच्या वर्गात नाव घालण्याचा हट्ट धरला होता आणि आजींना ते मुळीच पसंत नव्हते. "ही का विद्या म्हणायची? ही तर मारामारी! आपल्यात कुस्ती आहे, मल्लखांब आहे, ते काय थोडे झाले?" असे त्या म्हणाल्या. त्यावर ती मुलगी चटकन उत्तरली, "आजी, मल्लखांब उलट ठोसा देत नाही ना!" सारी पंगत हसली आणि वाद तेवढ्यावरच थांबला. तथापि आजींचा प्रश्न आणि नातीचे उत्तर ही दोन्ही माझ्या मनात घर करून राहिली. विद्या कशाला म्हणावे आणि मारामारी कशाला, याचा विचार इतिहासाच्या आधाराने करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. मुठीची लढाई साहेबाने या देशात आणली, ही समजूत खरी नव्हे. ज्या प्रांतात आपण आज नांदत आहोत त्याच प्रांतातील मथुरेत, कंसाच्या रंगमंडपात, कृष्णाने चाणूराला आणि बलरामाने मुष्टिकाला लोळविल्याची कथा आपण बालपणापासून ऐकत आलो. त्या दुसऱ्या मल्लाच्या नावातच मूठ आहे. विराटपर्वात बल्लवाच्या वेषातील भीम जीमूत मल्लाशी लढतो, तेव्हाही पकडींबरोबर मुष्टिप्रहार येतात. कथापुराणे सोडून इतिहासात यावे, तर कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लासा'त मल्लांच्या विनोदाचे, त्यांच्या आहाराचे व मेहनतीचे वर्णन सापडते. पुढे सोळाव्या शतकात विजयनगरास आलेल्या पाएस या पोर्तुगीज प्रवाशाने, तेथील मल्ल एकमेकांचे दात पाडीपर्यंत ठोसे देत, असे लिहून ठेवले आहे.

या परंपरेचे शेवटचे मोठे आश्रयस्थान मराठी राज्यातच होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. बडोद्यास गायकवाडांच्या दरबारी जेठी मल्ल असत. हाताच्या बोटांवर शिंगाच्या अणकुचीदार नख्या चढवून ते लढत. या प्रकाराला वज्रमुष्टी म्हणत. खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत, १८६० नंतरच्या काही वर्षांत, लुई रूसेले हा फ्रेंच प्रवासी बडोद्यास आला होता. त्याने या लढतीचे जे वर्णन केले आहे ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. म्हैसूरच्या दसऱ्यात विजयादशमीस जेठींची ही लढत अद्यापि होते, परंतु प्रतिस्पर्ध्याच्या मस्तकातून रक्ताचा पहिला थेंब निघताच ती थांबविली जाते. एके काळची युद्धविद्या तेथे विधी म्हणून उरली आहे.

ती अशी का उरली? माझ्या मते याचे कारण तिच्या भयंकरपणातच आहे. ज्या विद्येचा खरा सराव केला असता शिष्य जायबंदी होतो, तिचा सराव रोज करता येत नाही. राजाश्रय आहे तोवर असे मल्ल पोसले जातात. आश्रय सुटला की विद्या मिरवणुकीपुरती राहते.

आपल्या लखनौचा इतिहास याचीच साक्ष देतो. अब्दुल हलीम शरर यांनी 'गुजिश्ता लखनऊ' या ग्रंथात नबाबी काळातील युद्धकलांची हकिगत दिली आहे. लकडी, पटा, बांक, बिनौट, बर्ची, बाणा, कट्यार, तिरंदाजी आणि अर्थातच कुस्ती, अशी ती मालिका आहे. १८५६ साली अवधचे राज्य खालसा झाले, पुढच्याच वर्षी येथे रणकंदन माजले आणि त्यानंतर शस्त्रे काढून घेण्यात आली. शस्त्रकलांचे उस्ताद उरले, पण ज्या प्रसंगी त्या कलांची कसोटी लागावयाची ते प्रसंग उरले नाहीत. कुस्ती मात्र टिकली. तिची परीक्षा रोज संध्याकाळी आखाड्याच्या मातीत होऊ शकत होती आणि हरलेला गडी दुसऱ्या दिवशी पुन्हा लंगोट कसून उभा राहू शकत होता.

आता मल्लखांबाकडे वळू. या विषयात आपला अभिमान रास्तच आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी निजामाकडील दोन बलाढ्य पहिलवान पुण्यास आले, त्यांच्याशी लढण्यास कोणी धजेना, तेव्हा बाळंभटदादा देवधर यांनी मुदत मागून घेतली, मल्लखांबावर मेहनत केली आणि त्यांना चीत केले, अशी परंपरागत कथा आहे. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि बाजीराव कानपूरजवळ ब्रह्मावर्तास येऊन राहिले. दादाही उत्तरेत आले आणि त्यांच्या परंपरेने काशीत आखाडा घातला, असे सांगतात. ब्रह्मावर्त आपल्यापासून दूर नाही. आपल्यापैकी अनेकांनी तेथील घाटांचे दर्शन घेतले असेल. परंतु या कथेचा मर्मार्थ आपण नीट ध्यानी घेत नाही. दादांची कीर्ती खांबावरील कसरतीने झाली नाही, समोरच्या पहिलवानाला चीत केल्याने झाली. खांब हे साधन होते. कसोटी होती ती विरोध करणाऱ्या हाडामांसाच्या माणसाशी. पंगतीतील त्या मुलीने नकळत नेमके हेच सांगितले होते.

इंग्लंडातील मुष्टियुद्धाची कथा या दृष्टीने फार उद्बोधक आहे. तेथेही आरंभी उघड्या मुठींनी, रक्तबंबाळ होईतो लढती चालत. जॅक ब्रॉटन या मुष्टियोद्ध्याने १७४३ साली पहिले लेखी नियम केले आणि शिष्यांच्या सरावासाठी गुबगुबीत हातमोजे प्रचारात आणले. १८६७ साली क्वीन्सबरीच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या नियमांनी हातमोजे, तीन मिनिटांची फेरी व पडलेल्यास उठण्यासाठी दहा सेकंद या गोष्टी ठरविल्या आणि पकडून पाडण्यास बंदी केली. यामुळे खेळ सौम्य झाला, असे पुष्कळांना वाटते. खरे पाहता त्यामुळे तो अभ्यसनीय झाला. जे वज्रमुष्टीस साधले नाही ते येथे साधले. पूर्ण विरोध करणाऱ्या प्रतिस्पर्ध्याशी वारंवार सामना करणे शक्य झाले. अंतर ओळखणे, पायांची चाल, ठोसा येण्यापूर्वीच खांद्याची हालचाल टिपणे, मार बसल्यावरही डोळे न मिटणे, हे गुण पुस्तकाने किंवा कवायतीने येत नाहीत.

अर्थात या विद्येच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. तिच्यात पकड नाही, लाथ नाही, शस्त्राचा विचार नाही. कुस्तीगिराने कंबरेस मिठी मारली तर नुसता मुष्टियोद्धा गोंधळतो. हातमोज्यांची सवय झालेल्याने उघड्या मुठीने कवटीवर प्रहार केला तर स्वतःच्याच हाताचे हाड मोडण्याचा संभव असतो, कारण मोजा प्रथम मारणाऱ्याची मूठ राखतो आणि मग मार खाणाऱ्याचे डोके. डोक्याची भीतीही खोटी नव्हे. हॅरिसन मार्टलंड या अमेरिकन वैद्यकतज्ज्ञाने १९२८ सालीच मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूवर होणाऱ्या दुष्परिणामांकडे लक्ष वेधले होते. तेव्हा आजींची काळजी अनाठायी होती, असे मी म्हणणार नाही. शिकविणारा जाणता असावा, डोक्यावरील मार मोजका असावा आणि घेरी आली की खेळ थांबावा, एवढे पथ्य पाळलेच पाहिजे.

शेवटी एका मराठी मुष्टियोद्ध्याचे स्मरण करतो. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात दाखल झाले आणि तेथे मुष्टियुद्धात नावारूपास आले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे कमरेखालचे अंग लुळे पडले. ज्याचे सारे कौशल्य पायांच्या चालीवर उभे, त्याचेच पाय गेले! हा गडी खचला नाही. उपचार म्हणून त्यांनी पोहणे धरले आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंगांच्या ऑलिंपिक स्पर्धेत, पन्नास मीटर पोहण्याच्या शर्यतीत, भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या सुवर्णपदकाचे श्रेय मुष्टियुद्धास द्यावे, असा दावा मी करीत नाही. पण पडल्यावर दहा अंक मोजून व्हायच्या आत उठायचे असते, ही शिकवण ज्या खेळाच्या नियमातच आहे, त्या खेळाला केवळ मारामारी म्हणण्यास माझी जीभ रेटत नाही.

मुलींविषयी म्हणावे, तर २०१२ साली लंडनमध्ये स्त्रियांच्या मुष्टियुद्धास ऑलिंपिकमध्ये प्रथम स्थान मिळाले आणि त्याच वर्षी मणिपूरच्या मेरी कोमने कांस्यपदक आणले. तेव्हा ती दोन जुळ्या मुलांची आई होती. पुढे टोकियोत आसामच्या लवलीनानेही तोच मान मिळविला.

परप्रांती राहणारे आपण लोक आपल्या विद्या जपण्यासाठी धडपडतो, ते योग्यच आहे. मात्र जपणे म्हणजे काचेच्या कपाटात ठेवणे नव्हे. बाळंभटदादांनी स्वतःची मेहनत परक्या पहिलवानांच्या कसोटीस लावली, म्हणून आज त्यांचे नाव आपण घेतो. आपल्या नातवंडांनी मल्लखांब करावा, कुस्ती करावी, आणि कोणाला वाटलेच तर हातमोजेही चढवावेत. पंगतीतील त्या आजींनी शेवटी काय ठरविले हे मी विचारले नाही. ही स्मरणिका त्यांच्या हाती पडेल तेव्हा त्यांनी हा लेख नातीकडून वाचून घ्यावा, एवढीच माझी त्यांना विनंती आहे.